सिद्धूच्या खेळाची पिन

एकोणऐंशीची दिवाळीची सुट्टी. सांगलीत आत्याच्या दाराशी पोचले, तर शेजारच्या घरातून आवाज, टुक… टुक… मी सरळ तिकडेच डोकावले! एरवी नुसत्या मुंग्या दिसणाऱ्या टीव्हीवर एक पांढरा चेंडू इकडून तिकडे पळत होता. समोर एक कुरळ्या केसांचा मुलगा.

“खेळणार?” मान न वळवताच त्यानं विचारलं.

“साताऱ्याच्या पोरींना असलं विचारायचं नसतं!” पिशवी टाकून मी बसलेच.

हरले. पण कुणाला फिकीर! टीव्हीला जोडलेल्या त्या खेळाच्या डब्याच्या दोन बटणांच्या वायरी इतक्या आखूड की खांद्याला खांदा लावूनच बसावं लागे…

सिद्धू त्याचं नाव. अकरावीतला. टीव्ही, डबा, सगळं त्याच्या जहाजावरच्या मामांनी आणलेलं. आणि दुसऱ्याच दिवशी त्या मामांची मुलगी, विजयमाला, येऊन थडकली. वायरी त्याच, खांदा तिचा! मी मागं सतरंजीवर.

वर आत्या म्हणते, “मामाचीच पोर हाय. घरातल्या घरात जमंल बघ.”

माझा नुसता जळफळाट!

मामांनी एक कॉम्प्युटरही आणला होता. तोही त्याच टीव्हीला जोडायचा, पण त्याला टाइपरायटरसारखी अक्षरं.

“ह्याच्यावर एकट्यानं काय खेळायचं?” मी नाक मुरडलं.

“डब्यातला खेळ तयारच येतो, अंजना. कुणीही बसावं, बटण फिरवावं, की चेंडू सुरू. इथं खेळ आपण लिहायचा. आणि हा घाई करत नाही… प्रश्न विचारतो, अन् उत्तराची वाट बघतो.” त्यानं माझ्याकडे असं काही बघितलं की—

“सिद्धू, ये की लवकर!” विजयमालाच. दुसरं कोण!

मग रोज सकाळी तो टाइप करणार, ती शेजारी; कॉम्प्युटर रात्रीही चालूच. मी आले की दोघंही गप्प. आणि ती हसणार!

सुट्टी संपली. निरोप घ्यायला गेले, तर ती त्याच्या कानाशी वाकून म्हणत होती, “हे वाक्य किती गोड झालंय रे!”

झालं. मी टीव्ही-कॉम्प्युटरची भिंतीतली पिनच उपटली.

पडदा काळा.

“अगं!” विजयमाला किंचाळली.

“परत लावली की येईल! चेंडू नाही येत रोज?”

“चेंडू त्या डब्यातच पक्का बसवलेला असतो,” सिद्धू हळूच म्हणाला. “हा मी लिहिलेला. पिन काढली की पुसला जातो… सगळा.”

“मग… परत लिही ना.”

“तुझी एस.टी. सकाळी आहे.”

“माझ्या एस.टी.चा काय संबंध?”

विजयमालानं कपाळावर हात मारला. “खुळे, तुझ्यासाठीच लिहीत होता तो! मी नुसत्या चुका काढत होते. अंजनाला आवडेल का, अंजना हसेल का… जीव खाल्लाय माझा!” आणि ती तरातरा आत निघून गेली.

मी पिन हातात धरून तशीच उभी.

“काय… काय विचारणार होता तुझा खेळ?”

सिद्धूचे कान लालबुंद. “साताऱ्याला पत्र टाकलं तर चालेल का… म्हणजे, मला तू लय आवडतेस. हे शेवटी येणार होतं.”

“मग तोंडानं विचारायला काय झालं होतं?”

“आता विचारलं की!”

हसू आवरेना. डोळ्यांत पाणी, आणि वर हसू!

“टाक पत्र,” मी म्हटलं. “पण त्यात विजयमालाचं नाव एकदाही नको!”