खडूची ओली रेघ

"अहो, विहिरीत काय पडलंय तुमचं?"

काठावर पालथा पडलेला तो माणूस दचकला. हातात पोलादी टेप, बोटं निळ्या खडूनं माखलेली. "अजून तरी काही नाही... पण तुम्ही अशाच ओरडलात तर मीच पडेन!"

अशी आमची ओळख झाली. तो विहिरींच्या पाण्याची पातळी मोजणारा सरकारी माणूस, दर मंगळवारी येणारा. टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप खाली सोडायचा आणि वर ओढून खडू कुठवर भिजला ते वाचायचा. तेही तीन-तीनदा! मी त्याचं नाव 'खडूवाले' ठेवलं. आधी त्याच्या संथपणाला हसायचे, मग मंगळवारची वाट पाहायला लागले.

विहिरींच्या उपशानं उतारावरचा झरा आटत चालला होता. म्हणून त्यानं बाबांना आणि पाच शेजाऱ्यांना गळ घातली, पंप आठवड्यातून तीनच दिवस चालवा. बाबा कसेबसे तयार झाले. "एक हंगाम. पातळी चढली नाही, तर ज्याचा पंप त्याची मर्जी."

"एवढ्याशा झऱ्याचा एवढा पुळका?" मी चिडवलं.

"झऱ्यावर लव्हाळे, लव्हाळ्यांत पाखरं, काठच्या फुलांवर मधमाश्या. त्या गेल्या तर फळ धरायला तुमच्या काकडीच्या फुलाफुलावर काय तुम्ही ब्रश फिरवणार?"

"तुम्ही असाल सोबतीला तर..." बोलून गेले आणि जीभ चावली. तो कानापर्यंत लाल झाला.

मग शेवटचा मंगळवार आला. त्यानंतर त्याची बदली होती. विहीर रात्रभर निवांत नसेल तर माप फुकट जातं, पुन्हा यावं लागतं, हे त्यानंच शिकवलेलं. मी पहाटे गुपचूप दोन तास पंप चालवला. एवढंच डोक्यात होतं... तो पुन्हा येईल.

पण त्या दिवशी हंगामाचा निकाल ऐकायला सगळे शेजारी काठावर जमले होते. टेप वर आला.

"सुरुवातीपेक्षा हातभर खाली," तो हळूच म्हणाला. चेहरा उतरला, तरी आकडा जसाच्या तसा लिहिला. किती सरळ माणूस! त्या क्षणी तो मला इतका आवडला, आणि माझी मलाच इतकी लाज वाटली!

"झालं तर मग," बाबा म्हणाले. "उद्यापासून पंप मोकळे."

"थांबा! पंप मी चालवला होता. पहाटे."

"का गं?"

"माप चुकावं म्हणून... म्हणजे यांना परत यावं लागलं असतं."

शेजारचे काका खो-खो हसत सुटले. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे. "उद्या पुन्हा मोजा. आणि तू गं, पंपघराची किल्ली माझ्याकडे दे."

दुसऱ्या दिवशी खडू भिजला तो कालच्यापेक्षा दोन हात वर! पंपांची तीन दिवसांची पाळी कायम राहिली. खाली लव्हाळ्यांत पाखरांचा नुसता कलकलाट चालला होता.

सगळे पांगल्यावर मी विचारलं, "नव्या ठिकाणाहून इथली बस... किती वेळ घेते?"

"दीड तास. बदलीचं कळलं त्याच दिवशी विचारून ठेवलंय." तो टेप गुंडाळू लागला. "रविवारी येऊ? टेप न घेता... फक्त तुमच्यासाठी."

उत्तर म्हणून मी त्याचा हात धरला.

घरी बाबांचं लक्ष माझ्या निळ्या बोटांकडे गेलं.

"रविवारी येणार आहेत ते," मी म्हटलं.

"येऊ दे," बाबा म्हणाले. "फक्त पंप बंद ठेव."