येस्त्राबोव्हचा ससाणा

टेकडीवरच्या जुन्या चर्चची किल्ली व्लास्ताच्या स्वयंपाकघरात, लसणाच्या माळेशेजारी टांगलेली असे. आपल्या मेलेल्या माणसांना दिवे लावायचा दिवस आला, की आदल्या दुपारी ती वर जाऊन झाडलोट करून यायची. त्या वर्षी झाडू घेऊन निघाली, तर फाटकाशी शेजारचे ओल्द्रिख उभे. अंगात ठेवणीतला काळा कोट, हातात कबरीवर वाहायचं देवदाराच्या डहाळ्यांचं चक्र.

"तुमचं कोण आहे हो तिथे, शेजारीबुवा?"

विचारलं आणि तिने जीभ चावली. ओल्द्रिख अनाथाश्रमात वाढलेले. सारा गाव दिवे लावायचा तेव्हा हा माणूस पडदे ओढून बसायचा, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिच्या ओट्यावरून त्यांची खिडकी सरळ दिसायची.

"आहे," ते म्हणाले. "यंदा आहे."

चढण चढताना, दम घेत घेत, त्यांनी सांगितलं. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांना आईचं नाव कळलं होतं. तिथून आजोबा, पणजोबा, सगळे गिरणीवाले, असं मागे मागे जात ते येस्त्राबोव्हच्या सरदारांपर्यंत पोचले होते. कधीकाळी या टेकडीवर ज्यांची गढी होती, ते सरदार. मधला एकच दुवा सापडत नव्हता, आणि दप्तरखान्यातल्या बाईंनी साफ सांगितलं होतं, पुरावा नाही तर नातं नाही.

"अगबाई! म्हणजे इतकी वर्षं मी सरदारांना सूप पाजतेय!"

"आणि मीठ कमीच असतं त्यात." ओल्द्रिख हसले, आणि चक्र दुसऱ्या हातात घेतलं. "मला सरदारकी नको हो, शेजारीणबाई. कुणीतरी म्हणावं, हा आमचा. एवढंच."

चर्चच्या भिंतीत शेवटच्या येस्त्राबोव्ह सरदाराची शिळा बसवलेली होती. घराण्याचा वंश बुडाला, की शेवटच्या पुरुषाच्या शिळेवर घराण्याच्या चिन्हाची ढाल उलटी कोरायची, अशी तिकडची जुनी रीत. त्या ढालीवरचा ससाणाही तसाच, पाय वर, चोच खाली. व्लास्ता लहानपणापासून त्याला 'खाटकाकडची कोंबडी' म्हणायची. धूळ पुसताना दरवेळी त्याच्या नखांत तिचं फडकं अडकायचं.

ओल्द्रिखनी चक्र टेकवलं आणि शिळेला कपाळ लावलं. व्लास्ता बादली घेऊन बाहेर विहिरीकडे गेली. तिचे कान मात्र आतच राहिले होते.

परत आली तोवर उजेड मावळत चालला होता. उंबऱ्याशीच तिची पावलं थबकली. आतून मधमाशीच्या मेणाचा वास येत होता. ओल्या कातड्याचा... आणि घामेजलेल्या घोड्याचा. ओल्द्रिख कुणाशी तरी बोलत होते.

"हो... ओल्द्रिख. कातेरझिनाचा मुलगा..."

समोरून काही ऐकू आलं नाही. फरशीवर जड काहीतरी हललं, घोड्याने एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकावा तसं.

"नाही," ओल्द्रिखचा आवाज फाटला. "माझ्यामागे... कुणीच नाही."

आश्रमाच्या दारात उभं राहून आईची वाट बघणाऱ्या पोराचा आवाज होता तो. व्लास्ताला राहवलं नाही.

"असं कसं कुणी नाही?" ती ओरडलीच. "मी आहे की त्यांची!"

मग जातं फिरावं तशी घरघर झाली. एकदाच. तिने मेणबत्ती पेटवून शिळेसमोर धरली. दगडाला ना चीर, ना सांधा. ससाणा मान वर करून उभा होता.

"बघितलंत?" ओल्द्रिख म्हणाले. त्यांचे गाल भिजले होते.

तो हिवाळा त्यांच्या खिडकीचे पडदे उघडे राहिले. संध्याकाळी ओट्याशी उभं राहिलं, की व्लास्ताला त्या काचेवर श्वासाच्या वाफेचं वर्तुळ दिसायचं. काचेच्या बाहेरून, आणि फार उंच. घोड्यावर बसलेल्या माणसाचं तोंड पोचेल तिथे.

एकदा न राहवून तिने विचारलं, "कोण येतं हो तुमच्याकडे?"

"घरचे," ओल्द्रिख म्हणाले, आणि इतक्या सुखाने म्हणाले, की तिला हेवा वाटला. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगे प्रागला. रविवारी फोन यायचा, "सगळं ठीक ना, आई?" आणि सुपाला उकळी फुटायच्या आत बंदही व्हायचा.

बर्फ वितळायच्या आधीच ओल्द्रिख गेले. झोपेतच. डॉक्टरांना नवल वाटलं ते एवढंच, की पांघरुणाखाली त्यांच्या अंगात काळा कोट होता आणि पायांत बूट, जणू कुणी न्यायला येणार होतं.

माती झाल्यावर व्लास्ता एकटीच टेकडी चढली. आता ससाणा पुन्हा उलटा झाला असेल, आणि ते बिचारे पुन्हा कुणाचेच नसतील, या विचाराने तिला बघायचा धीर होईना. डोळे मिटून तिने शिळेवर हात फिरवला. खाली नखं लागली. वर चोच.

सुलटाच होता. "देवा, तुझे उपकार," ती पुटपुटली. मग तिला उंबऱ्यावरून आपण ओरडलेलं 'मी आहे की त्यांची' आठवलं, आणि शिळेवरचा हात तिने हळूच काढून घेतला.

त्या संध्याकाळी तिने सूप चुलीवर ठेवलं आणि खिडकीकडे न बघता कांदा चिरत राहिली. पण सवय कुठे जाते? मान वळलीच. तिच्या काचेवर, उंच, वाफेचं एक वर्तुळ मोठं होत होतं, विरत होतं. त्याच्या शेजारी, जरा खाली, दुसरं उमटलं... भरभर, थांबत थांबत, चढण चढून दम लागलेल्या माणसाचं.

तिने पुसायला फडकं उचललं. आणि तसंच खाली ठेवलं.

मग सुपात चिमूटभर मीठ जास्त घातलं, फळीवरून आणखी वाडगे काढले, आणि रात्री निजताना पायांतले बूट काही काढले नाहीत.