थांबवणारा

तातडीच्या विभागात पाऊल टाकल्या टाकल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी घोळ घातला. खाटेच्या कडेला दोन तरुण अनवाणी बसले होते, दोघांनीही एकसारखी ब्लँकेटं पांघरलेली. नशेचा डोस जास्त झालेला आणि इंजेक्शनने नुकताच शुद्धीवर आलेला पेशंट त्यातला कोणता, हे विचारायचं सोडून तिने जवळच्याच्या डोळ्यांत टॉर्च मारला.

"वर बघा."

त्याने मुकाट्याने वर पाहिलं. बाहुल्या व्यवस्थित होत्या... डोळेही काही वाईट नव्हते.

"अजून किती वेळ बघणार?" तो म्हणाला. "पेशंट हा. मी समुपदेशक."

तिचे कान तापले. खरा पेशंट तेवढ्या त्रासातही खुदकन हसला आणि पुन्हा आडवा झाला.

तो आडवा झाला हेच नवल होतं. तिच्या आधीच्या इस्पितळात अशी माणसं शुद्धीवर येताच चपला शोधायची. डॉक्टर चार बोल सुनवायचे की ती तडकाफडकी निघून जायची. पण इंजेक्शनचा असर ओसरला की नशा पुन्हा डोकं वर काढते, श्वास मंदावतो... आणि तेव्हा जवळ कुणी नसतं. इथे मात्र हा समुपदेशक शेजारी येऊन बसला की पेशंट थांबत. कसे काय? या प्रश्नाने तिचा पिच्छाच पुरवला, आणि ती रोज काही ना काही निमित्त काढून त्याला गाठू लागली.

"ब्लँकेट कशाला?"

"शुद्धीवर आलं की हुडहुडी भरते, अंग ठणकतं. एकट्याने पांघरून बसायला लाज वाटते हो."

"आणि अनवाणी?"

"मला कुठे जायची घाई नाही, हे न बोलता कळतं."

"उपदेश मुळीच नाही?"

"तो तुम्ही डॉक्टर लोक फुकट वाटता की."

ती फणकारली. पण मग हात धुऊन मोठ्या डॉक्टरांच्या मागे लागली आणि परवानगी घेऊनच आली. ठणका आणि तलफ शमवणारं औषध आता खाटेवरच सुरू होणार होतं. दुपारच्या चहाला तिने ही बातमी सांगितली, तेव्हा तो इतका हरखला की तिला स्वतःच्याच आनंदाचं आश्चर्य वाटलं.

"एकच प्रश्न राहिला," ती म्हणाली. "त्या हुडहुडीबद्दल इतकं नेमकं कुठे शिकलात?"

त्याने कप खाली ठेवला.

"त्याच खाटेवर. काही वर्षांपूर्वी. मी मात्र थांबलो नव्हतो... फाटकापाशीच कोसळलो. एका फुलवालीने आरडाओरडा केला, म्हणून वाचलो." त्याने कप बाजूला सरकवला. "हे ऐकलं की लोकांना एकदम कामं आठवतात. तुम्हाला आठवली तरी मी वाईट वाटून घेणार नाही."

वाईट वाटणार नाही, हे तो धडधडीत खोटं बोलत होता. तिला भीती वाटली, नाही असं नाही. सावरलेली माणसं पुन्हा घसरताना तिने पाहिली होती. आणि तरीही तो तिला आवडत होता, अगदी मनापासून.

"पुन्हा घसरलात तर?"

"ती भीती मलाही आहे. पण लपवणार नाही... एवढाच शब्द देऊ शकतो."

ती उठली. त्याचा चेहरा पडला. ती खुर्ची ओढत त्याच्या शेजारी आली आणि तशीच उभी राहिली.

"सगळ्यांना थांबवतोस," ती म्हणाली. "मला एकदा तसं म्हणायला काय होतं रे तुला?"

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग तो हळूच म्हणाला, "थांब ना."

ती बसली.