स्केलविकसाहेबांनी वाचलेली चिठ्ठी

लॉर्डांच्या सभागृहात सिंहासनापाशी आम्हा खात्यातल्या माणसांसाठी कठड्याआड एक बाक आहे. तिथून चकार शब्द बोलायचा नाही. मंत्री अडले की चिठ्ठी खरडायची आणि घडी घालून द्वारपाल डॉब्सच्या हाती द्यायची. आमचे लॉर्ड स्केलविक, जहाज खात्याचे उपमंत्री, चिठ्ठी आधी मनात वाचून बघत नसत. उघडली की थेट मोठ्यानं वाचायला सुरुवात. "तुम्ही लिहिलंय ना, प्रिचर्ड? मग झालं!" गादी वडिलांची, भाषणं आमची. मला मनस्वी चीड यायची.

एनिड गार्साइड माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. एका फेरीबोटीचा मागचा दरवाजा नीट लागत नाही, हे तिनं साहेबांना तीनदा लेखी कळवलं होतं. जानेवारीत ती बोट बंदरातच बुडाली. एकतीस माणसं गेली. साहेबांनी तिन्ही पत्रं फाडली आणि हात झटकले: गार्साइडबाईंनी कळवलंच नाही. तिची नोकरी गेली. मार्चमध्ये ती त्याच बंदरात पाण्यावर सापडली.

पत्रांच्या नकला माझ्या कपाटात होत्या. "शेगडी पेटलीय ना, प्रिचर्ड?" एवढंच साहेब म्हणाले. मी टाकल्या शेगडीत. मला पेन्शन हवी होती.

बोटीवर प्रश्न विचारले जाणार होते त्या दिवशी दुपारी अडीचला सभागृह भरलं. दिवस निभावला तर साहेब मंत्रिमंडळात जाणार होते, आणि एनिडच्या नावावरचा डाग कायमचा राहणार होता.

पहिला प्रश्न बंदरातल्या दिव्यांचा. मी चिठ्ठी दिली. डॉब्स परत येऊन माझ्या कानाशी लागला.

"काय हो साहेब, चहा सांडलात की काय? चिठ्ठी ओलीचिंब होती."

"काहीतरीच काय. माझ्यासमोर चहा आहे का?"

दुसरी चिठ्ठी मी मुद्दाम कोऱ्या वहीतून फाडली. डॉब्सनं ती दोन बोटांत धरून नेली. येताना तो हात कोटाला पुसत होता. "मासळीबाजाराचा वास येतोय तिला," तो पुटपुटला. "मी नाही आता नेणार."

मग एक म्हातारे लॉर्ड काठी टेकत उठले. बुडालेल्या बोटीवर त्यांचा नातू होता. "मंत्रिमहोदयांना आधी कोणी सावध केलं होतं का? हो की नाही, तेवढं सांगा."

साहेबांनी मागं हात केला. मी एकच शब्द लिहिला: नाही. लाज वाटली, तरी लिहिला. डॉब्सनं तोंड वाकडं करून चिठ्ठी नेली.

साहेबांनी घडी उघडली.

"माय लॉर्ड्स, होय. तीन वेळा. सहा ऑक्टोबर, नऊ नोव्हेंबर, बारा डिसेंबर. पत्रं मी माझ्या हातानं फाडली."

बाकांवरची डोकी एकदम वर झाली.

त्यांना थांबायचं होतं. मानेच्या शिरा फुगलेल्या दिसत होत्या. ओठ मात्र हलत राहिले.

"नकला..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ठसका लागला, आणि तोंडातून पाणी आलं. हनुवटीवरून कागदांवर, कागदांवरून गालिच्यावर. कितीतरी पाणी.

बरं झालं, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू? मनातल्या मनात मी हसलो.

संध्याकाळी राजीनामा गेला. रिवाजाप्रमाणे इतिवृत्त लिहिणाऱ्यांनी ती चिठ्ठी पडताळायला मागितली. मी ती उलगडली. कोरडी ठणठणीत. माझंच अक्षर, एकच शब्द: नाही.

पुढच्या मंगळवारी चौकशी समितीनं मला बोलावलं. तिन्ही सभासद चष्मे पुसत बसले होते.

"प्रिचर्ड, पत्रांच्या नकला होत्या का?"

उत्तर मी घरून घोकून आलो होतो: नाही.

तोंड उघडलं, आणि जिभेवर खारट पाणी आलं.