मागच्या सीटचं झाकण

विमानाला लाकूड हलकं पाहिजे म्हणून मी पांगारा निवडला. बरगड्या बांबूच्या, वरून पतंगाचा कागद, आणि काचेच्या जागी दवाखान्यातून मागून आणलेल्या एक्स-रेच्या फिल्मा, सोड्याच्या पाण्यात धुऊन स्वच्छ केलेल्या. फुटाला इंच या मापानं पंख चार फूट भरले. नकाशाबिकाशा काही लागला नाही. आता मी तेरच्या शाळेत सुतारकाम शिकवतो. पण लढाईत विमानदलात होतो आणि याच व्हेंजन्स जातीच्या बॉम्बरांचे पंख नि शेपट्या तपासायचं माझं काम होतं. हाताला लागेल तेवढंच मी खरं मानतो. गावात कुणी भुताची गोष्ट काढली की मी सरळ उठून जातो.

विमान विष्णुपंत कुलकर्ण्यांसाठी होतं. त्यांचा मुकुंदा आमच्याच तुकडीत, मागच्या सीटवरचा गनर. चव्वेचाळीस साली ब्रह्मदेशात अराकानवर गेलेलं त्याचं विमान परत आलंच नाही. ना प्रेत, ना खबर. अशा माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, ही आपल्याकडची रीत. बारा वर्षं भरली, तेव्हा विष्णुपंतांनी अट घातली. "पोरगा विमानात बसून गेलाय. विमानात बसवूनच अग्नी देईन."

त्यांची सून शामला. नवरा तिनं जेमतेम महिनाभर पाहिलेला. आता तिला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं होतं, जागाही मिळाली होती. पण सासऱ्यांचं एकच, "तो आला आणि घरात तू नसलीस तर?" क्रिया उरकली की खुशाल जा, एवढा शब्द तिनं त्यांच्याकडून कसाबसा मिळवला होता. बाई दगडाची आहे, असं गाव म्हणायचं. गावाचं काय जातंय म्हणायला?

मागच्या सीटवर सरकतं झाकण असतं. ते मी सरस लावून पक्कं केलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर ते मागं सरकलेलं. उन्हाळ्यात सरस वाळून सुटतो, त्यात नवल नाही. पुन्हा लावलं, पुन्हा उघडं. मग चिडून बारीक खिळे ठोकले. सकाळी खिळे बाकावर पडलेले होते, एकही वाकलेला नव्हता. खोलीची किल्ली माझ्याच कमरेला असते. पुढचं, पायलटचं झाकण नुसत्या सरसावर होतं, ते जागचं हललं नव्हतं. मी उंदरांना शिव्या घातल्या आणि कामाला लागलो.

दुपारी शामला विमान बघायला आली. दारातच उभी राहिली.

"मास्तर, खऱ्या विमानात हे आतून उघडतं का?"

"आतूनच. विमान पेटलं तर उडी मारता यावी म्हणून."

ती झाकणाकडं बघत राहिली. बाहेर शाळेच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं.

"घट्ट बंद करा," ती म्हणाली. "मला जायचंय हो, मास्तर." मला तिची फार कीव आली.

क्रिया तेरणेच्या वाळूत होती. नदी आटलेली, सकाळची वेळ. दत्तोपंत भटजी कुरकुरत होते, एवढासा वीतभर पुतळा शास्त्रात बसत नाही म्हणून. त्यांनी बांधलेला पुतळा मी मागच्या सीटवर बसवला, झाकण लावलं आणि वरून तांब्याची तार आवळून गुंडाळली. शामला लांब बाभळीखाली उभी होती.

विष्णुपंतांनी अग्नी दिला. कागद भुरकन पेटला.

वास आला. पांगाऱ्याचा नव्हे, सरसाचा नव्हे. विमानाच्या पेट्रोलचा. तो वास मी कुठंही ओळखीन.



धूर विरळ झाला. विमानाची राख आणि निखारे उरले होते. तार बाजूला पडलेली, उकललेली.

पुतळा चितेपासून चार हात लांब वाळूत होता. पानं हिरवीगार.

"उडी मारली त्यानं," विष्णुपंत म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा हसरा होता. "जिवंत आहे माझा मुकुंदा. क्रिया थांबवा. आणखी वाट बघू आपण."

दत्तोपंतांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

मी बाभळीकडं पाहिलं. शामला चालत येत होती.

"सूनबाई, बायकांनी इथं..." दत्तोपंत म्हणाले. ती थांबली नाही.

तिनं पुतळा उचलला. तान्ह्या लेकराला उचलावं तसा, मानेखाली हात घालून. क्षणभर त्याच्याकडं पाहिलं.

"पुरे झालं आता," ती हळू म्हणाली, आणि खाली बसून तिनं तो निखाऱ्यांवर ठेवला.

हात मात्र तिला लगेच मागं घेता आला नाही. चटका बसत होता, तरी ती तशीच वाकून राहिली. मग तिनं दुसरा हात पुढं केला आणि आपल्या मनगटावरून एकेक बोट सोडवावं तसं काहीतरी सोडवू लागली.

दत्तोपंतांनी पुतळ्याला बोटं केली नव्हती. हाताच्या जागी गुंडाळलेलं पान, आणि वर नुसता दोरा.