अर्धी आज्ञा

उन्हं उतरायला लागली होती. रागिणीनं गव्हाणीच्या कडेला बिल्ला वाचणारा रीडर घट्ट बांधला आणि त्याची वायर लॅपटॉपला जोडली. परदेशातलं शिक्षण संपवून ती दर्यापूरजवळच्या या गावात परत आली होती, ती अशाच कामांसाठी. शिकलेलं सगळं आधी आपल्या माणसांच्या उपयोगी पडावं, असं तिला मनापासून वाटायचं.

"बैलाले मोबाईल दिला काय वं पोरी?" खुशालकाका गोठ्याच्या दारातून म्हणाले. हसण्याचा प्रयत्न त्यांना जमला नाही.

हिऱ्या बैल साप चावून मेला, तेव्हापासून त्याचा जोडीदार चांद्या वैरणीला तोंड लावत नव्हता. फासळ्या वर आल्या होत्या. तो गव्हाणीत किती वेळा तोंड घालतो, हे गुरांच्या डॉक्टरांना हवं होतं. कानातला बिल्ला वीतभर अंतरात आला, की रीडर त्याचा नंबर देणार होता.

रीडरची भाषा काटेकोर होती. आधी त्याचा क्रमांक, मग आज्ञेचं अक्षर, शेवटी एंटर. विचारल्याशिवाय तो बोलत नसे. आज्ञा अर्धवट पोचली, तर फक्त प्रश्नचिन्ह पाठवी.

वच्छलाकाकू वैरणीला कुटाराचं टोपलं घेऊन आल्या आणि सवयीनं शेजारच्या, हिऱ्याच्या रिकाम्या गव्हाणीकडे वळल्या. नवा बैल येईपर्यंत गेलेल्याची मूठ आधी टाकायची, मग जित्याची, अशी घरची रीत होती.

"काकू, आज तिथं नको. चांद्या तिकडं खाईल अन् आपल्याला कळणारच नाही."

"मूठभर तं टाकू दे, बाई. त्यानं उपाशी राहायचं काय?"

"काकू, तो नाही आता."

काकू मागे वळल्या. सगळं कुटार त्यांनी चांद्याच्या पुढ्यात ओतलं.

दिवेलागणीला गोठा अंधारून आला. ओल्या शेणाचा वास दाटला. चांद्या गव्हाणीपासून दूर, भिंतीला टेकून उभा होता. वायर तपासावी म्हणून रागिणीनं आज्ञा टाइप केली. उत्तर यायला हवं होतं: बिल्ला नाही.

पडद्यावर नंबर आला. शेवटी ७१४.

चांद्याचा ७१५ होता. ७१४ हिऱ्याचा. बिल्ला काढायला कान कापू द्यायला काका तयार नव्हते, म्हणून हिऱ्याला बिल्ल्यासकट शेताच्या धुऱ्याजवळ पुरला होता.

तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा ७१४. गव्हाणीवर कोणीच नव्हतं... आणि तरी कुटार हळूच हललं.

"काकू..." तिनं पडद्याकडे बोट केलं. "हिऱ्याचा नंबर येऊन राहिला."

काकूंनी पदर तोंडाशी धरला. "त्याची गव्हाण रिकामी ठेवली ना आपण... मंग तो कुठी जाईन?" त्या हिऱ्याची मूठ आणायला घराकडे धावल्या.

त्या परत यायच्या आत चांद्या भिंतीपासून हलला. सावकाश आला, गव्हाणीत तोंड घातलं, पहिला घास उचलला आणि मान झटकून खाली टाकला. मग खाऊ लागला.

"खाऊन राहिला!" काका दारातच रडायला लागले. "पोरी, वाचला वं माहा चांद्या!"

रागिणी त्या खाली पडलेल्या घासाकडे बघत होती. पहिला घास असा टाकायची खोड चांद्याला कधीच नव्हती. ती हिऱ्याची होती.

तिनं आज्ञा पाठवली. ७१४. तिनं बैलाचा कान हातात घेतला, मोबाईलच्या उजेडात बिल्ला पाहिला. त्यावर ७१५ होतं. कान थंडगार होता.

"चांद्या..." ती हळूच म्हणाली.

बैल खात राहिला. कानसुद्धा हलला नाही.

दुसरं नाव तिच्या ओठांवर आलं. पहिलं अक्षर बाहेर पडलं... आणि तिनं तोंड गच्च मिटलं.

बैलाचं चघळणं थांबलं. मागे लॅपटॉपचा पडदा उजळला. तिनं काहीच टाइप केलेलं नव्हतं.

पडद्यावर एकच खूण होती.

?