चार नंबरच्या खोलीतली मोजणी

ही गोष्ट खरी आहे. ज्यांच्यावर ती गुदरली ते सूर्यम माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे बावा. पेशाने सीए. आधार नसलेलं वाक्य ते लग्नाच्या पंगतीतही बोलत नाहीत.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. गुंटूर, मे महिना, टळटळीत दुपार. असल्या उन्हात भुतंसुद्धा पंख्याखाली पडून असतात, असा आमचा समज होता.

सूर्यम यांचं काम विचित्र. हिशेब तपासणाऱ्यांनी हिशेब नीट तपासलेत का, हे ते तपासतात. आणि तुम्हाला कोण तपासतं, असं बहिणीने एकदा विचारलं होतं.

त्या दुपारपर्यंत कोणी तपासलं नव्हतं.

त्या दिवशी पाळी होती पेद्दिराजूची. कॉलेजातला जोडीदार, तोही सीए. फाईल एका मिरची व्यापाऱ्याची. येणं किती आणि माल किती, हे पेद्दिराजूच्या माणसांनी धड बघितलंय का, एवढाच प्रश्न.

येण्याचा कागद आधी निघाला. व्यापाऱ्याच्या देणेकऱ्यांना पत्रं गेली होती. तुमच्याकडे आमचं एवढं येणं निघतं, मान्य नसेल तर पंधरा दिवसांत कळवा, उत्तर न आल्यास बरोबर धरू.

"एकाचंही उत्तर नाही," सूर्यम म्हणाले.

"म्हणजे सगळं बरोबर." पेद्दिराजूने मुगाच्या पेसरट्टूचा तुकडा आल्याच्या चटणीत बुडवला.

"अरे, गप्प बसलेला माणूस मेलेलाही असू शकतो."

"मेलेला तक्रार करत नाही. खा रे, गार होतंय."

मग मालाच्या मोजणीचा कागद निघाला. टपोरं अक्षर, खाडाखोड नाही. यंदाची मार्चअखेर. खाली सही... एडुकोंडलू.

"ह्याला बोलाव जरा."

पेद्दिराजू हसला. "त्याला कुठून बोलावू? गेल्या वर्षीच्या मोजणीला कोल्ड स्टोरेजमध्ये गेला तो परत आलाच नाही. पळाला. नोकरी सोडून गेला असं मी पोलिसांना लिहूनही दिलंय."

"मग ही यंदाची मोजणी कोणी केली?"

"पोरांनी जुनाच कागद तारीख बदलून लावला असेल. सगळे लावतात. तू काय आज जन्मलास?"

"राजू, ह्यात फेब्रुवारीत आलेली पोती आहेत. आणि जुना कागद आहे कुठे?"

पेद्दिराजूने बशी बाजूला सारली.

"तो... आलाच नव्हता."

दोघे कोल्ड स्टोरेजला गेले.

फाटकाशी पत्र्याच्या शेडमध्ये बायका मिरच्यांची देठं खुडत होत्या. नाकातोंडाला पदर बांधलेले. भिंतीला एक सायकल टेकलेली, चाकं गंजलेली. बायकांतली एक तोंडावरचा पदर सोडून पुढे आली.

"तपासणारे साहेब तुम्हीच? मी मस्तानम्मा. एडुकोंडलूची बायको."

पेद्दिराजू एकाएकी सायकलकडे निरखून बघू लागला.

"पळणारा माणूस सायकल ठेवून पळतो होय, बाबू? मला काय आहेर करून गेला?" ती म्हणाली. "तो थप्पीच्या मागे मोजत होता. हमालांनी पुढून पोती रचली. ती थप्पी उतरवा म्हणून मी वर्षभर सगळ्यांच्या पाया पडले. बँकेचं तारण आहे म्हणतात, हात लावू देत नाहीत. मोजणीत खोट आहे, एवढी एक ओळ लिहा. तुमच्या ओळीने उतरेल ती."

उतरली असती. सूर्यम यांना ते पक्कं ठाऊक होतं. त्याच ओळीने पेद्दिराजूच्या दारावरची पाटीही उतरली असती.

"बघतो," ते म्हणाले. आमच्या घरात ह्या शब्दाचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.

खोल्यांची किल्ली नागमल्लेश्वर रावाकडे. त्याने ब्लँकेट दिलं, कानटोपी दिली.

"दार लावायच्या आधी आम्ही तीनदा हाक मारतो, साहेब. आत कोणी आहे का? ओ आली नाही की दार बंद. त्या दिवशीही मारली होती. ओ आली नाही."

दार वीतभर जाड होतं.

"पोत्यांच्या मागून दिलेली ओ इथवर ऐकू येते?"

"यायला पाहिजे," नागमल्लेश्वर राव म्हणाला. तो छताकडे बघत होता.

पेद्दिराजूला ऐन मे महिन्यात सर्दी झाली. तो बाहेरच थांबला.

सूर्यम एकटेच चार नंबरच्या खोलीत गेले.

आधी पाय गेले. मग बोटं. मग कान. थंडी वाजणंही थांबलं. छतापर्यंत पोतीच पोती, आणि मिरचीचा वास मात्र नाही. नाकही गेलं होतं.

यंत्राची घरघर चालू होती. ती थांबली.

आणि थप्पीच्या आतून...

"लाभ... दोन... तीन... चार..."

पोती मोजताना एकाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मोजणारा जुन्या वळणाचा होता. सावकाश, न चुकता मोजत होता.

मग मोजणी थांबली.

"बाहेर कोणी आहे का?"

सूर्यम सांगतात, भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. हीच त्यांची तक्रार आहे.

"बाहेर कोणी आहे का?"

नुसती ओ द्यायची होती. पण ओ दिली की ऐकलं असं ठरतं. ऐकलं की लिहावं लागतं. जीभ तोंडात होती, पण दुसऱ्याची असावी तशी पडून होती.

"बाहेर... कोणी आहे का?"

सूर्यम गप्प.

आत खडू करकरला. एकदाच. बरोबरची खूण करताना होतो तेवढाच आवाज.

ते बाहेर आले. नागमल्लेश्वर रावाने दारातून तीनदा हाक मारली. थांबला. दार लावलं.

"काय रे, आहे ना माल?" पेद्दिराजूने विचारलं.

"आहे."

"कमी-जास्त काही?"

"बरोबर आहे."

मस्तानम्मा फाटकाशी उभी होती. ते मागच्या दाराने निघाले.

अहवालात येणे रकमेबद्दल त्यांनी कडक परिच्छेद लिहिला. उत्तर न येणं म्हणजे होकार नव्हे, ही गंभीर त्रुटी आहे. मालापुढे लिहिलं, त्रुटी नाही. पेद्दिराजूने पेढे पाठवले.

उजव्या हाताची दोन बोटं मात्र परत आली नाहीत. ज्यांत पेन धरतात ती. डॉक्टर म्हणाले, नस ठीक आहे.

जूनमध्ये त्यांच्या नावाने एक पाकीट आलं. उकाड्यात सगळं घर घामाने निथळत होतं आणि पाकीट... गार.

आतलं अक्षर टपोरं. खाडाखोड नाही.

"आमच्या मोजणीनुसार चार नंबरच्या खोलीत, थप्पीच्या बाहेर, माणूस एक. हाक ऐकलेला. मान्य नसल्यास पंधरा दिवसांत कळवावे. उत्तर न आल्यास बरोबर धरण्यात येईल."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो होतो. समोर कोरा कागद, बोटांत पेन. पेन पडत होतं, ते पुन्हा उचलत होते.

"मान्य नाही म्हणून लिहून टाका ना, बावा," मी म्हणालो.

"लिहू काय?" ते म्हणाले. "बरोबर आहे ते."

मस्तानम्मा अजून त्याच शेडमध्ये देठं खुडते. माझं दुकान त्याच रस्त्याला आहे. तिला हे सांगायला हवं, मला कळतं.

अजून मी गप्पच आहे. टपाल आलं की आधी हात लावून बघतो... गार आहे का.